पवईचे फ्रामजी शेठ

पवई म्हटली की तलाव, आयआयटी आणि उंच इमारती डोळ्यांसमोर येतात. मात्र साष्टीतील या रानाला शेतीचे रूप देणाऱ्या फ्रामजी कावसजी बनाजी यांचे स्मरण आज क्वचितच होते.

१७६७ साली जन्मलेले फ्रामजी हे मुंबईतील नामवंत पारशी व्यापारी. एकेकाळी कंपनी सरकारच्या सेवेतील डॉक्टर हेलेनस स्कॉट यांच्याकडे असलेली पवईची जमीन पुढे फ्रामजींनी भाडेपट्ट्याने घेतली. तेथे त्यांनी विहिरी खोदल्या, रस्ते केले. ऊस, नीळ आणि रेशमासाठी तुती लावून पाहिली. १८३८ मध्ये त्यांनी आंब्यांची करंडी आगबोटीने राणी व्हिक्टोरियाकडे पाठविली.

मुंबईकरांच्या पाण्याचीही त्यांना चिंता होती. धोबीतलावाच्या दुरुस्तीसाठी त्यांनी मोठी रक्कम खर्च केली. त्या तलावाला त्यांचेच नाव मिळाले.

१८५१ साली फ्रामजी निवर्तले. चार दशकांनी पवईचा तलाव बांधला गेला; पण त्याचे पाणी पिण्यायोग्य ठरले नाही. धोबीतलावही कालांतराने बुजला. त्या परिसरात उभ्या राहिलेल्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटने त्यांचे नाव जपले. ज्या मातीत त्यांनी घाम आणि पैसा ओतला, त्या पवईला मात्र ते फारसे आठवत नाही.