जमाबंदीचा आराखडा बदलणारा मलिक अंबर

प्रतिनिधी, वाळूज - वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतील कामगार, सुटे भाग आणि पुरवठादार यांच्या नोंदी आता खतावणीऐवजी संगणकातील तक्त्यांत ठेवल्या जातात. गरजेप्रमाणे या तक्त्यांचा आराखडा बदलावा लागतो. संगणक अभियंते या कामाला ‘मायग्रेशन’ म्हणतात. नवा रकाना जोडणे सोपे असते. परीक्षा असते ती जुन्या हजारो नोंदी नव्या आराखड्यात शाबूत नेण्याची. रकान्याचे केवळ नाव बदलायचे असताना जुना पुसून नवा उघडला, तर त्यातील सारी माहिती नष्ट होते. म्हणूनच ‘रुबी ऑन रेल्स’ने २००५ मध्ये आणि ‘जँगो’ने २०१४ मध्ये प्रत्येक बदल क्रमवार टिपून ठेवण्याची सोय आपल्या चौकटीत दिली. वाळूजच्या शेजारचे महानगर ज्याने वसविले, त्या मलिक अंबरसमोर चारशे वर्षांपूर्वी असाच प्रश्न उभा होता. त्याचा तक्ता होता जमीन महसुलाचा.

अंबरचा जन्म १५४८ च्या सुमारास इथिओपियात झाला. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला आणि बगदादमार्गे दख्खनमध्ये आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्याला विकत घेतले. चंगीजखान स्वतःही पूर्वाश्रमीचा हबशी गुलाम होता. राज्यकारभाराचे धडे अंबरला त्याच्या पदरी मिळाले. धन्याच्या मृत्यूनंतर तो मुक्त झाला आणि काही काळ विजापूरकरांच्या चाकरीत राहून पुन्हा निजामशाहीत परतला.

१६०० मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. राज्य संपले असे वाटत असतानाच अंबरने निजामशाही घराण्यातील मुर्तझा याला गादीवर बसवून प्रतिकार उभारला. गनिमी काव्याने त्याने जहांगीरच्या सेनापतींना वर्षानुवर्षे झुंजविले. १६१० मध्ये त्याने खडकी हे शहर वसविले आणि भूमिगत नहरीने तेथे पाणी आणले.

मात्र युद्धाला पैसा लागतो आणि तो पैसा शेतातूनच यायचा. त्या काळी अनेक ठिकाणी महसूल इजाऱ्याने दिला जाई. जो अधिक रकमेची बोली लावी, त्याला वसुलीचा मक्ता मिळे. जमीन काळी की मुरमाड, पीक आले की बुडाले, याच्याशी इजारदाराला कर्तव्य नसे. रयत नाडली जाई, गावे ओस पडत आणि अखेर खजिनाही रिता राही.

अंबरने इजाऱ्याची पद्धत मोडून काढली. जमिनीची पाहणी करून तिची प्रत ठरविण्यात आली आणि प्रत्यक्ष उत्पन्न पाहून आकारणी होऊ लागली. प्रारंभी उत्पन्नाचा दोनपंचमांश हिस्सा धान्यरूपाने घेतला जाई. पुढे अनुभवावरून त्याचे रोख रकमेत रूपांतर करण्यात आले आणि हा भाग सुमारे एकतृतीयांश असल्याचे इतिहासकार नमूद करतात. पीक बुडालेल्या वर्षी आकार कमी करण्याची वाट यामुळे खुली झाली.

या सुधारणेचे मर्म मात्र अंबरने काय बदलले नाही, यात आहे. गावचा पाटील आणि कुलकर्णी त्याने कायम ठेवले. मिरासदारांचा वंशपरंपरागत हक्क मान्य केला. म्हणजे आकारणीचा आराखडा नवा झाला, पण शेत कोणाचे आणि गावाचा जबाबदार कोण, ही जुनी नोंद पुसली गेली नाही. ती पुसली गेली असती, तर नव्या पद्धतीवर कोणी विश्वास ठेवला नसता. अंबरने हे सारे निव्वळ परोपकारापोटी केले असे म्हणता येणार नाही. लष्कराचा खर्च भागविणे हा त्याचा हेतू होताच. परंतु रयत टिकली तरच खजिना टिकतो, हे त्याने ओळखले होते.

हे काम शांततेत झालेले नाही. १६१६ मध्ये मोगलांनी खडकी जाळली. अंबरने शहर पुन्हा उभे केले. १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत त्याने मोगल आणि विजापूर यांच्या संयुक्त फौजांचा पराभव केला. शहाजीराजे भोसले त्या लढाईत त्याच्या बाजूने लढले. १६२६ मध्ये अंबरचे निधन झाले. खुलताबाद येथे त्याची कबर आहे.

त्याच्या पश्चात दहा वर्षांतच निजामशाही अस्तंगत झाली. महसुलाची पद्धत मात्र उरली. शहाजीराजांच्या पुणे जहागिरीत दादोजी कोंडदेव यांनी ‘मलिकंबरी’ धाऱ्याचा आधार घेतला. शिवाजी महाराजांच्या काळात अण्णाजी दत्तो यांनी काठीने जमीन मोजून तिच्यात पुढची सुधारणा केली. मोगल दख्खनमध्ये मुर्शिद कुलीखानाने तोडरमलाच्या धर्तीवर नवी व्यवस्था लावली. प्रत्येकाने आधीच्या पायरीवर आपली पायरी बांधली.

अंबरच्या खडकीचे पुढे फतेहनगर झाले, मग औरंगाबाद आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर. नावे बदलली, तरी त्या भूमीवरील घरे, विहिरी आणि शेते त्यांच्या धन्यांच्या नावे नोंदलेली राहावी लागतात. सातबारा आज संगणकावर मिळतो. तेथेही आराखडा बदलताना एक ओळ निसटली, तर एखाद्या शेतकऱ्याची जमीन कागदावरून नाहीशी होऊ शकते. दप्तर बदलणाऱ्याने आधी जुन्या नोंदीची काळजी वाहावी, हा मलिक अंबरच्या कारभाराचा धडा म्हणूनच आजही उपयोगी आहे.