राजर्षी शाहू छत्रपती : प्रचार, प्रत्यय आणि धर्मश्रद्धा

धर्मविषयक प्रचार कोणाला पटतो आणि कोणाला पटत नाही, या प्रश्नाचे उत्तर केवळ प्रचारातील युक्तिवादात शोधल्यास ते हाती लागत नाही. ऐकणाऱ्याच्या अनुभवात त्या युक्तिवादाला पूर्वीच जागा तयार झालेली असावी लागते. करवीरचे छत्रपती शाहू महाराज यांचे चरित्र या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. ते स्वतः एका प्रचाराने भारावले, दुसऱ्या प्रचाराचे लक्ष्य झाले आणि पुढे स्वतःच एका मोठ्या प्रचाराचे आश्रयदाते बनले.

कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी जन्मलेले यशवंतराव १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले व शाहू छत्रपती झाले. राजकोटचे राजकुमार कॉलेज आणि त्यानंतर धारवाड येथे फ्रेझर यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्याधिकार हाती घेतले, तेव्हा दरबारच्या ७१ वरिष्ठ जागांपैकी ६० जागा ब्राह्मणांकडे होत्या. मात्र धर्माच्या बाबतीत हा तरुण राजा बंडखोर नव्हता. राजवाड्यातील विधी वंशपरंपरागत राजोपाध्यांकडून पूर्वापार पद्धतीनेच होत असत.

१८९९ च्या कार्तिकात पंचगंगेवरील स्नानाच्या वेळी ही स्थिती पालटली. भटजी पुराणोक्त मंत्र म्हणत असल्याचे सोबतच्या राजारामशास्त्री भागवतांनी महाराजांच्या लक्षात आणून दिले. वेदोक्त विधी द्विजांसाठी आणि पुराणोक्त विधी शूद्रांसाठी, अशी रूढ व्यवस्था होती. याचा अर्थ असा, की स्वतःच्या राज्यात, स्वतःच्या पुरोहिताच्या मुखातून छत्रपतींना शूद्र ठरविले जात होते. ते मंत्र त्या दिवशी नव्याने म्हटले गेले नव्हते. त्यांचा अर्थ मात्र राजाला प्रथमच जाणवला. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी वेदोक्ताचा आग्रह त्यापूर्वीच धरला होता. ती चर्चा कोल्हापुरात अपरिचित नव्हती; तथापि, अपमान प्रत्यक्ष अनुभवास आल्यावरच तिला धार आली. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. राजाचे डोळे उघडणारे राजारामशास्त्री आणि पुढे राजवाड्यातील वेदोक्त विधी पतकरणारे नारायणशास्त्री सेवेकरी हे दोघेही ब्राह्मण होते. प्रचाराचा स्वीकार वा अव्हेर जातीच्या रेषेवर तंतोतंत विभागलेला नव्हता.

राजोपाध्यांनी वेदोक्त विधी करण्यास नकार दिला. चौकशीसाठी समिती नेमली गेली आणि १९०२ साली त्यांची इनामे जप्त झाली. ब्रिटिश सरकारकडे केलेल्या अपिलांचाही त्यांना उपयोग झाला नाही. दरम्यान वृत्तपत्रांतून रण माजले. ऑक्टोबर १९०१ मध्ये लोकमान्य टिळकांनी केसरीतून वेदोक्ताच्या मागणीला प्रतिकूल अशी भूमिका घेतली. केसरीच्या वाचकवर्गाला ती पटली, कारण त्यांच्या दृष्टीने शास्त्र, रूढी आणि वतन या तीन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. एकीला हात लागला की तिन्ही ढासळत. टिळकांच्या राजकारणाविषयी आदर बाळगणाऱ्या मराठा वाचकालाही तेच लेखन पटणे कठीण होते. त्याच्या लेखी हा शास्त्रार्थ नव्हता, तर आपल्या घरातील लग्न कोणत्या मंत्रांनी लागते, हा प्रश्न होता. एकाच मजकुराचे हे दोन अर्थ प्रचाराच्या सामर्थ्याची मर्यादा स्पष्ट करतात. प्रचार श्रद्धा शून्यातून निर्माण करीत नाही. मनात असलेल्या भीतीला, अभिमानाला किंवा सलाला तो शब्द पुरवितो.

शाहू महाराजांना ही मर्यादा उमगली असावी, असे त्यांच्या पुढील कार्यक्रमावरून दिसते. १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघाले आणि त्यापाठोपाठ अन्य जातिधर्मांचीही वसतिगृहे उभी राहिली. २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी नोकरीतील ५० टक्के रिकाम्या जागा राखण्याचा आदेश निघाला. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये स्थापिलेल्या सत्यशोधक समाजाला १९११ पासून कोल्हापुरात नवी उभारी मिळाली. भास्करराव जाधव हे त्या कार्यातील प्रमुख होते. १९१३ मध्ये ब्राह्मणेतर पुरोहित तयार करणारी शाळा सुरू झाली.

या शाळेचे महत्त्व व्याख्यानांहून अधिक आहे. ब्राह्मणावाचून लग्न लावले किंवा उत्तरकार्य केले, तर घराला दोष लागेल, ही खेड्यातील कुणब्याची धास्ती होती. ती युक्तिवादाने जाण्यासारखी नव्हती. शेजारच्या घरी आपल्याच जातीच्या माणसाने लग्न लावले आणि वर्षभरात त्या घराचे काही वाईट झाले नाही, हे पाहिल्यावरच ती सैल होई. सत्यशोधकी जलशांचे यशही याच जातीचे आहे. गण, गवळण, सवालजवाब, वग ही तमाशाची चौकट श्रोत्यांच्या अंगवळणी पडलेली होती. तिच्यातून आलेला नवा विचार परका वाटला नाही. ज्या गोष्टीला एकट्याने हसण्याचे धैर्य होत नव्हते, तिला सारे गाव मिळून हसू लागले.

तथापि, या प्रचारात एक अंतर्विरोध होता आणि त्याकडे डोळेझाक करता येत नाही. वेदोक्ताच्या चळवळीने मराठ्यांना क्षत्रियत्वाचा विश्वास दिला. ती उतरंडीतील वरची पायरी होती. उतरंडीचा नकार नव्हता. सत्यशोधक समाज कोणताही ग्रंथ ईश्वरप्रणीत मानीत नाही. उलट १९१८ पासून महाराजांनी ज्याला कोल्हापुरात स्थान दिले, त्या आर्य समाजाला वेद प्रमाण आहेत. १९२० मध्ये सदाशिवराव पाटील बेनाडीकर यांची क्षात्र जगद्गुरू म्हणून स्थापना झाली, तेव्हा हा विरोध उघड झाला. पीठावरील व्यक्तीची जात बदलली, पण पीठ राहिलेच. दीनमित्रकार मुकुंदराव पाटलांसारख्या निष्ठावंत सत्यशोधकाने या कल्पनेला विरोध केला, तो याच कारणाने. अनेक अनुयायांना मात्र क्षात्र जगद्गुरू अधिक जवळचे वाटले. मध्यस्थाविना ईश्वर ही कल्पना स्वीकारण्यापेक्षा आपल्यातला मध्यस्थ स्वीकारणे त्यांना सोपे गेले.

अस्पृश्यांना तर क्षत्रियत्वाच्या प्रचारात देण्यासारखे काहीच नव्हते. तेथे महाराजांनी मंत्रांचा मार्ग सोडून आचरणाचा मार्ग धरला. गंगाराम कांबळे यांना त्यांनी कोल्हापुरात चहाचे दुकान घालून दिले आणि तेथे थांबून ते स्वतः चहा घेत. सहीसाठी येणाऱ्यांनाही तेथे यावे लागे. विटाळाच्या कल्पनेवर एखादे व्याख्यान जे करू शकले नसते, ते त्या कपाने केले. मार्च १९२० मध्ये माणगाव परिषदेत डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाचे त्यांनी जाहीर स्वागत केले, तेव्हा दलितांचा मार्ग दलितांनीच आखावा, हेही त्यांनी जणू मान्य केले.

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. त्यांच्या हयातीतील प्रचारपत्रे आज अभ्यासकांपुरती उरली आहेत. वसतिगृहे, शाळा आणि राखीव जागा यांनी घडविलेला बदल मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकला. ज्या प्रचाराच्या पाठीशी असा प्रत्यय उभा होता, त्याने माणसांची श्रद्धा बदलली. ज्याच्या पाठीशी केवळ प्रतिष्ठेचे आश्वासन होते, त्याने जुन्याच श्रद्धेला नवा धनी मिळवून दिला. शाहू छत्रपतींच्या जीवनात हे दोन्ही प्रकार एकत्र नांदतात. त्यांच्या थोरवीचे मूल्यमापन करताना दोहोंची नोंद घेतली, तरच ते न्याय्य ठरेल.