बुरशीतून संजीवनी देणारे अलेक्झांडर फ्लेमिंग

ऐन काढणीच्या वेळी पावसात भिजलेल्या ज्वारीवर बुरशी चढली, की चाकूर परिसरातील शेतकऱ्याचा हाताशी आलेला घास जातो. शेंगदाण्यावरील काही बुरशींचे विष यकृताला घातक ठरते, तर ओलसर भिंतीवरील बुरशी दमेकऱ्यांचा त्रास वाढविते. अशा या बदनाम बुरशीचा जीवदायी गुण जगासमोर आणला तो सर अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी.

स्कॉटलंडमधील डार्व्हेलजवळ एका शेतकरी कुटुंबात ६ ऑगस्ट १८८१ रोजी त्यांचा जन्म झाला. सातव्या वर्षी पितृछत्र हरपले. लंडनला आल्यावर त्यांनी चार वर्षे जहाज कंपनीत कारकुनी केली. काकांच्या वारशातून मिळालेल्या पैशामुळे सेंट मेरीज रुग्णालयाच्या महाविद्यालयात त्यांना वैद्यकीय शिक्षण घेता आले. पुढे तेथेच ते संशोधक म्हणून रुजू झाले.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील लष्करी रुग्णालयात जखमा चिघळून मरणारे जवान त्यांनी पाहिले. तेव्हाची जंतुनाशके खोल जखमेतील जंतूंपर्यंत पोचत नाहीत, उलट शरीराच्या संरक्षक पेशींनाच मारतात, हे त्यांच्या लक्षात आले. शरीराला अपाय न करता जंतूंचा नाश करणाऱ्या पदार्थाच्या शोधात ते होते.

सप्टेंबर १९२८ मध्ये ते सुटीवरून परतले, तेव्हा जंतू वाढविण्यासाठी ठेवलेल्या एका काचेच्या बशीत बुरशी उगवलेली होती. तिच्याभोवतालचे जंतू नाहीसे झाले होते. बशी फेकून न देता त्यांनी त्या बुरशीचा अभ्यास केला आणि तिच्या रसाला पेनिसिलिन असे नाव दिले. १९२९ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध झाला. मात्र ते शुद्ध स्वरूपात मिळविणे त्यांना साधले नाही.

ते काम ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. १९४१ मध्ये जंतुसंसर्गाने अत्यवस्थ झालेल्या एका पोलिसाला पेनिसिलिन देताच उतार पडला. परंतु औषधाचा साठा संपला आणि तो दगावला. त्यानंतर अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू होऊन दुसऱ्या महायुद्धातील असंख्य जखमींचे प्राण वाचले. १९४५ चे नोबेल पारितोषिक फ्लेमिंग, फ्लोरी व चेन यांना विभागून मिळाले.

११ मार्च १९५५ रोजी फ्लेमिंग यांचे निधन झाले. त्याच्या आदल्याच वर्षी पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली होती. एकेकाळी दुर्मिळ असलेले पेनिसिलिन पिंपरीतच तयार होऊ लागले.

अपुऱ्या मात्रेत औषध घेतल्यास जंतू त्याला दाद देईनासे होतील, असा इशारा फ्लेमिंग यांनी नोबेल स्वीकारतानाच दिला होता. डॉक्टरांना न विचारता प्रतिजैविके घेणाऱ्यांच्या आणि मनानेच ती बंद करणाऱ्यांच्या आजच्या काळात तो इशारा खरा ठरत आहे.