कपडे धुणारी सारा आणि तिचे केस

दिवाळीत चकलीच्या पिठात केस सापडला. सासूबाई काही बोलल्या नाहीत, तेवढा गोळा बाजूला काढून ठेवला. त्या बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तीन आठवडे घरात जिकडेतिकडे माझेच केस होते. उशीवर, मोरीच्या जाळीत, एकदा तर लेकीच्या डब्यातसुद्धा. गुंतवळ मुठीत मावेना. आमच्या गल्लीत केसांवर भांडी देणारी बाई येते, ती यंदा तुला आख्खं पातेलं देईल, असा विनोद नवऱ्यानं केला. मी हसले आणि मोरीत जाऊन रडले.

जावेनं नव्यानं निघालेल्या केसांच्या क्लिनिकचा पत्ता दिला. स्टँडसमोर, पहिला मजला, एसी. तिथल्या मुलीनं माझ्या टाळूवरून बारीक कॅमेरा फिरवला, तर पडद्यावर दुष्काळातलं माळरान दिसावं तसं माझं डोकं दिसलं. मग तिनं सहा महिन्यांचं पॅकेज सांगितलं. पीआरपीच्या सहा बैठका, सीरम, शॅम्पू आणि गोळ्या मिळून २८,००० रुपये, आजच भरले तर २४,०००. नाव, वय, फोन नंबर सगळं लिहून घेतलं. मध्यंतरी आजारी होतात का, हे मात्र कुणी विचारलं नाही. विचार करून सांगते, असं म्हणून मी खाली उतरले. खरं सांगू का मैत्रिणींनो, पोस्टातली आवर्त ठेव मोडायची असं मनात ठरवूनच उतरले होते.

त्याच आठवड्यात लेक मोबाईलवर एक मालिका बघत होती. २०२० साली आलेली, मॅडम सी. जे. वॉकर या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बाईवरची. केस गळणारी गरीब बाई केसांच्या मलमावर श्रीमंत होते, अशी गोष्ट. मालिकेत पदरचा मसाला बराच आहे, म्हणून मी तिचं आयुष्य शोधून वाचायला घेतलं, आणि पैसे भरायचे राहूनच गेले.

तिचं माहेरचं नाव सारा ब्रीडलव्ह. जन्म २३ डिसेंबर १८६७ चा, लुइझियाना राज्यातल्या डेल्टा गावचा, कापसाच्या मळ्यावर. आईवडील गुलाम म्हणून राबलेले. त्या घरात गुलामीबाहेर जन्मलेलं हे पहिलं लेकरू. सातव्या वर्षी आई आणि वडील दोघंही गेलेले. बहिणीच्या आसऱ्याला गेली तर मेहुणा छळणारा. त्याच्या तावडीतून सुटायला चौदाव्या वर्षी लग्न केलं, सतरा वर्षांची असताना मुलगी झाली, आणि विसाव्या वर्षी नवरा वारला. आपल्याकडे त्या काळात कित्येक घरांत अशा वयाच्या विधवेचे केसच उतरवत. वाचताना मला तेच आठवत राहिलं. सारा मात्र लेकीला घेऊन सेंट लुईस शहरात गेली. तिथे तिचे भाऊ न्हाव्याचं काम करत.

तिथे तिनं पंधराएक वर्षं लोकांचे कपडे धुतले. लाकडी टब, पाटा, कास्टिकचा जहाल साबण आणि दिवसभर तोंडावर वाफ. दिवसाची कमाई जेमतेम दीड डॉलर. त्यातूनच पै पै साठवून तिनं लेकीला शाळेत घातलं आणि पुढे टेनेसीतल्या नॉक्सव्हिलच्या कॉलेजातही धाडलं. मधल्या काळात दुसरं लग्न झालं, तेही सुखाचं नव्हतं.

आणि याच दिवसांत तिचे केस जायला लागले. नुसते विरळ नाही, जागोजागी टक्कल दिसावं इतके. कारणं आज वाचली तर कोड्यात टाकणारी नाहीत. गरिबांच्या घरांत नळ नव्हते. पाणी बाहेरून आणायचं, चुलीवर तापवायचं, म्हणून डोकं धुणं सारखं पुढे ढकललं जायचं. टाळूवर कोंडा, खवले, फोड. खाणं अपुरं, काम बैलासारखं, आणि बाजारातली औषधं कातडी जाळणारी. त्या वस्तीत हे दुखणं एकट्या साराचं नव्हतं. डोक्याला फडकं बांधून फिरणाऱ्या बाया घरोघरी होत्या. (आमच्याकडे दिवसाआड नळ येतो आणि एरवी बोअरचं पाणी, त्यामुळे हे वाचताना मला अमेरिका फार लांब वाटली नाही.)

१९०२ साली अ‍ॅनी टर्नबो नावाची एक कृष्णवर्णीय बाई या शहरात आली. केसांचं मलम ती स्वतः तयार करायची. तिच्या बाया दारोदार जायच्या, बायकांची डोकी तिथेच धुऊन दाखवायच्या आणि मग मलम विकायच्या. सारा आधी तिची गिऱ्हाईक होती की लगेच विक्रेती, हा तपशील बाजूला ठेवू; पण ती अ‍ॅनीचा माल विकायची, हे पक्कं. १९०५ मध्ये सारा डेन्व्हरला गेली. तिथे स्वयंपाकीण म्हणून काम करायचं आणि उरलेल्या वेळात डोकी धुवायची. जानेवारी १९०६ मध्ये तिनं चार्ल्स जोसेफ वॉकर या वर्तमानपत्रांच्या जाहिरातींचं काम जाणणाऱ्या माणसाशी लग्न केलं, आणि त्याच वर्षी मॅडम सी. जे. वॉकर या नावानं स्वतःचं मलम काढलं.

मलमाची कृती आपल्याला स्वप्नात एका काळ्या माणसानं सांगितली, असं ती सांगत असे. माझा काही या स्वप्नावर विश्वास नाही. अ‍ॅनीचाही नव्हता; तिनं नकली मालापासून सावध राहा अशा जाहिराती दिल्या. दोघींच्या मलमात जीव होता तो गंधकाचा, आणि गंधक टाळूच्या रोगावर त्या दोघींच्याही कितीतरी आधीपासून लोक लावत आले होते. साराच्या डबीत पेट्रोलियम जेली, मधमाश्यांचं मेण, गंधक आणि वर वास चांगला यावा म्हणून व्हायोलेट फुलांचा अर्क. नाव मात्र केस वाढवणारं अद्भुत औषध! जाहिरातीत तिचाच फोटो असे, आधीचा आणि नंतरचा. म्हणजे आमच्या स्टँडसमोरच्या भिंतीवर जे दोन फोटो शेजारी शेजारी लावलेत, ती युक्ती शंभर वर्षांहून जुनी आहे.

तरी बायकांना गुण येत होता. का येत होता, हे मला फार मोलाचं वाटतं. साराची शिकवलेली बाई आधी डोकं बघायची. मग ते स्वच्छ धुवायची, टाळू ब्रशनं घासायची, खवले काढायची, मग मलम. पुन्हा ठरलेल्या दिवशी धुणं. रोगट टाळू बरी झाली की अडलेले केस यायचेच. डबीवर छापलेलं अद्भुत वगैरे सोडून द्या, निम्मं काम पाण्यानं आणि हातानं केलेलं होतं. माझी आजी दर आठवड्याला रिठे-शिकेकाईचं पाणी काढायची, तेव्हा आम्ही पळून जायचो, ते आठवलं.

शेवटी ती तापवलेल्या लोखंडी कंगव्यानं केस विंचरायची, आणि यावरून तिला बोल लावणारे तेव्हाही होते. काळ्या बायकांना गोऱ्यांसारखे सरळ केस करायला शिकवते, असा आरोप. आपण केस सरळ करत नाही, टाळू निरोगी करतो, असं तिचं म्हणणं होतं. मला ते अर्धंच पटतं. पण फडकं बांधून जन्म काढणारीला आरशात बघावंसं वाटलं, तर तिला नावं ठेवायला आपण कोण?

पुढचा वेग तर दम लागावा असा आहे. १९०८ साली पिट्सबर्गमध्ये लेकीच्या नावानं, लेलिया कॉलेज म्हणून, केसांची निगा शिकवणारी शाळा काढली. १९१० मध्ये इंडियानापोलिसला कारखाना. कपडे धुणाऱ्या, घरकाम करणाऱ्या हजारो बाया तिच्या विक्रेत्या झाल्या आणि धुण्याच्या मजुरीपेक्षा कितीतरी जास्त कमवू लागल्या. तिसरा नवरा पुढे विभक्त झाला, नाव तेवढं तिनं ठेवलं. १९१२ साली शिकागोत काळ्या उद्योजकांचं अधिवेशन होतं. अध्यक्ष बुकर टी. वॉशिंग्टन तिला बोलायला वेळच देईनात. केसांचा धंदा त्यांना हलका वाटायचा. शेवटच्या दिवशी ती बसल्या जागेवरून उठली आणि कापसाच्या शेतापासून धुण्याच्या टबापर्यंत, टबापासून स्वयंपाकघरापर्यंत आणि तिथून स्वतःच्या कारखान्यापर्यंतचा प्रवास तिनं सभेला ऐकवूनच सोडला. पुढच्या वर्षी तिला रीतसर बोलावणं आलं.

१९१७ मध्ये फिलाडेल्फियात तिच्या विक्रेत्या बायांचं अधिवेशन भरलं. बक्षिसं जास्त माल विकणारीला होतीच, आणि आपल्या गावात दानधर्म जास्त करणारीलाही होती. त्याच वर्षी ईस्ट सेंट लुईसमध्ये काळ्या लोकांच्या कत्तली झाल्या, तेव्हा झुंडींच्या हत्यांविरुद्ध कायदा करा म्हणून थेट अध्यक्षांच्या निवासापर्यंत गेलेल्या मंडळींत ती होती. अध्यक्ष विल्सन भेटले नाहीत. १९१९ मध्ये तिनं या लढ्याला ५,००० डॉलर देऊ केले. कपडे धुऊन तेवढे मिळवायला तिला नऊ वर्षं लागली असती, तीही एक दिवस सुट्टी न घेता. मी हिशेब करून पाहिला.

रक्तदाब आणि मूत्रपिंडाचं दुखणं जडलं होतं. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, ती दौरे करत राहिली. हडसन नदीकाठी हौसेनं बांधलेल्या मोठ्या घरात तिला वर्षभरच राहायला मिळालं. २५ मे १९१९ रोजी ती गेली, अवघ्या एक्कावन्नाव्या वर्षी. हजारो बायकांच्या डोक्याची काळजी घेणाऱ्या या बाईनं स्वतःच्या तब्येतीची मात्र हेळसांड केली. आपल्या ओळखीची गोष्ट आहे ही.

हे वाचून झाल्यावर मी उपजिल्हा रुग्णालयात गुरुवारी येणाऱ्या त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो तापाचा. श्रावणात मला डेंग्यू झाला होता. मोठ्या तापानंतर किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस असे भराभर गळतात आणि बहुतेक वेळा पाच-सहा महिन्यांत आपोआप परत येतात, असं त्यांनी समजावलं. रक्त तपासलं, थायरॉईडही पाहिलं. हिमोग्लोबिन ९ निघालं. लोहाच्या गोळ्या दिल्या, चहाबरोबर घ्यायच्या नाहीत ही ताकीद दिली. पीआरपी म्हणजे आपलंच रक्त काढून, फिरवून, त्यातला भाग टाळूत टोचणं. ते आणि मिनॉक्सिडिलचं औषध खोटं नाही, पण ते प्रामुख्याने भांग हळूहळू रुंद होत जाणाऱ्या, अनुवंशानं विरळ होणाऱ्या केसांसाठी. मिनॉक्सिडिल सोडलं की आलेले केस पुन्हा जातात, गरोदरपणात तर ते लावायचंच नाही. चाई पडली तर इलाज आणखी वेगळा. माझ्या बाबतीत यातलं काहीच नको होतं. सगळ्या तपासण्या मिळून चार आकडी खर्चही झाला नाही.

क्लिनिकमधून अजून फोन येतात. परवा आला तेव्हा मी त्या मुलीला विचारलं, माझे केस कशानं गळतायत असं तुमच्या कागदावर लिहिलंय? ती थोडा वेळ गप्प झाली. सरांना विचारून सांगते म्हणाली.