परदेशातील विद्यार्थी भीमराव



आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते आहे, तिच्यात परमपूज्य बाबासाहेबांवर काहीतरी लिहा, असे मंडळाच्या कार्यकर्त्यांनी आम्हाला सांगितले. आम्ही गिरणी कामगार. शाळा नववीपर्यंत. पुढचे जे काय शिकलो ते पाळी सुटल्यावर, विहारातल्या कपाटातली पुस्तके वाचून. तेव्हा मोठ्या विद्वत्तेचे लिहिणे आमच्याकडून व्हायचे नाही. चवदार तळे, गोलमेज परिषद, राज्यघटना, धम्मदीक्षा यांवर दरवर्षी भाषणे होतात. लहान पोरेसुद्धा तारखा धडाधड म्हणून दाखवतात. पण बाबासाहेब परदेशात विद्यार्थी म्हणून कसे राहिले, काय खाल्ले, कुठे चुकले आणि कसे सावरले, हे आपण फारसे बोलत नाही. यंदा तेवढेच सांगायचे ठरवले आहे.

त्याला कारणही घडले. आपल्याच वस्तीतला एक मुलगा शिकायला परदेशी गेला. पहिल्याच थंडीत तो आईला फोनवर रडू लागला. जेवण जात नाही, कोणाशी बोलायला नाही, वर्गात शिकवलेले अर्धे कळत नाही, मी परत येतो, असे म्हणू लागला. त्याची आई विहारात आमच्याकडे आली. आता आम्ही काय सांगणार? आम्ही कधी महाराष्ट्राची हद्द ओलांडली ती दीक्षाभूमीच्या पलीकडे एकदा बुद्धगयेला. मग आम्ही कपाट उघडले आणि बाबासाहेबांचे चरित्र काढले.

बाबासाहेब १९१२ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले. जानेवारी १९१३ मध्ये बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले आणि लगेच वडील आजारी पडले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजी गेले. ज्या बापाने पोराच्या पुस्तकांसाठी लेकींचे दागिने गहाण टाकायला मागेपुढे पाहिले नाही, तो बापच गेला. घरात माता रमाई, काही महिन्यांचा यशवंत आणि बाकीचा कुटुंबकबिला. अशा वेळी श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांनी अमेरिकेला पाठवायच्या विद्यार्थ्यांत भीमरावांची निवड केली. ४ जून १९१३ रोजी करार झाला. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची. म्हणजे बघा, तीन वर्षांच्या शिक्षणासाठी आयुष्याची दहा वर्षे लिहून दिली. वय अवघे २२.

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठात नाव घातले आणि हार्टली हॉल या वसतिगृहात राहिले. तिथले जेवण त्यांना मानवले नाही. अन्न अर्धेकच्चे, त्यात गोमांसाचे पदार्थ. आठवडाभरात त्यांनी ती जागा सोडली आणि जिथे काही हिंदी विद्यार्थी राहत होते त्या कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राबरोबर राहू लागले. आम्हाला यात मोठा दिलासा वाटतो. परक्या मुलखातले जेवण बाबासाहेबांनाही पहिल्या दिवशी गोड लागले नाही. पण म्हणून ते बोटीत बसून परत आले नाहीत. खोली बदलली, सोबत बदलली, विद्यापीठ मात्र बदलले नाही.

दुसरी गोष्ट आपण सहसा भाषणात सांगत नाही, पण ती सांगितली पाहिजे. चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे की, सुरुवातीचे काही महिने भीमराव खेळण्याबागडण्यात, मित्रांच्या गप्पांत रमले. तरुण वय, नवे शहर, हातात दरमहाचे पैसे. आणि सगळ्यांत मोठे म्हणजे, जन्मात पहिल्यांदा कोणी जात विचारत नव्हते. साताऱ्याच्या शाळेत ज्याला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले, शिपाई आला नाही तर दिवसभर तहानलेले राहावे लागले, तो मुलगा इथे सगळ्यांच्या पंगतीला टेबलावर जेवत होता, सगळ्यांबरोबर फिरत होता. अशा मोकळ्या हवेत कोणाचेही मन थोडे सैल पडेल. पण एका रात्री त्यांना आपल्या माणसांची आठवण झाली. आपण इथे कशाला आलो, घरचे कसे दिवस काढत असतील, कोणाच्या भरवशावर आपल्याला पाठवले आहे, हा हिशेब त्यांनी स्वतःशी मांडला. दुसऱ्या दिवसापासून माणूस बदलला.

मग अभ्यास कसा केला? एकट्या अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले. इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, शिवाय राज्यशास्त्र आणि फ्रेंच, जर्मन भाषांची तोंडओळख. प्रा. सेलिग्मन, प्रा. जॉन ड्यूई यांच्यासारखे गुरू लाभले. खाणे साधे: कॉफी, दोन मफिन पाव, मटणाची किंवा मासळीची एक बशी. कारण त्याच साडेअकरा पौंडांतून घरीही पाठवायचे होते. उरलेल्या पैशांत जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून पुस्तके घ्यायची. अशी सुमारे २,००० पुस्तके जमली. लाला लजपतराय तेव्हा न्यूयॉर्कला होते. त्यांनी या तरुणाला राजकीय चळवळीत ओढायचा प्रयत्न केला. भीमरावांनी आधी शिक्षण पुरे करण्याचे ठरवले होते, त्यावरून ते हलले नाहीत. १९१५ मध्ये एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. तेव्हा वय होते २५. जे दुःख अंगावर झेलले, त्याचा अभ्यास करून जगाच्या विद्वानांपुढे मांडला. त्याच न्यूयॉर्कमधून त्यांनी वडिलांच्या एका स्नेह्याला पत्र लिहून, मुलांबरोबर मुलींनाही शिकवा, म्हणजे आपली प्रगती झपाट्याने होईल, असे कळवले होते. आमच्या माता-भगिनींनी हे लक्षात ठेवावे.

१९१६ मध्ये ते लंडनला गेले. बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन आणि अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, अशा दोन्ही ठिकाणी नाव घातले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून निघावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करायची परवानगी मात्र त्यांनी घेऊन ठेवली. हा धोरणीपणा बघा. दार बंद झाले तरी कडी आतून लावू दिली नाही. पहिले महायुद्ध चालू होते. सामानाची बोट वेगळी होती, ती पाणतीराने बुडाली. अंगावरच्या कपड्यांनिशी म्हणावे तसे ते २१ ऑगस्ट १९१७ रोजी मुंबईला उतरले.

आता खरी गोष्ट ऐका. करारानुसार सप्टेंबर १९१७ मध्ये ते बडोद्याला गेले. अमेरिकेत, इंग्लंडात ज्याला खोली मिळाली, त्याला बडोद्यात राहायला जागा मिळेना. हिंदूंची दारे बंद. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशाचे नाव सांगून, रोजचे दीड रुपये देऊन राहिले. कचेरीतून आले की अंधाऱ्या माडीवर एकटेच पुस्तक घेऊन बसायचे. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेले. ओळखीच्यांकडे विचारले, तिथेही आसरा मिळाला नाही. मग कामाठी बागेत झाडाखाली रात्री आठपर्यंत बसले आणि नऊच्या गाडीने मुंबईला परतले.

परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत हे आपण विसरूनच गेलो होतो, असे बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवले. आम्ही हे पुन्हा पुन्हा वाचतो. परक्या देशातल्या थंडीशी, अन्नाशी, भाषेशी त्यांनी जुळवून घेतले. ते माणसाला जमते. पण ज्या समाजव्यवस्थेने माणूस म्हणून जागाच ठेवली नाही, तिच्याशी कोणी आणि कसे जुळवून घ्यायचे? तिथे जुळवून घेणे म्हणजे शरण जाणे. ते त्यांनी केले नाही. आणि हेही सांगितले पाहिजे की, काठ्या घेऊन आले ते पारशी होते, तसा आयुष्यभर पाठीशी उभा राहिलेला नवल भथेनाही पारशीच होता. कोणत्याही समाजाला एका मापाने मोजू नये.

नोव्हेंबर १९१८ पासून ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार ४५० रुपये. त्या काळात तो साहेबी थाटाचा पगार. पण राहायचे परळच्या चाळीतच, दोन खोल्यांत. पै-पै जमवली. छत्रपती शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना यांनी पाच हजार रुपये उसने दिले आणि जुलै १९२० मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी, प्राध्यापकी सोडून हा माणूस पुन्हा विद्यार्थी झाला.

लंडनची ही वर्षे न्यूयॉर्कपेक्षा कठीण गेली, कारण आता शिष्यवृत्ती नव्हती. घरमालकीण करडी. सकाळी पावाचा एक तुकडा, थोडा मुरंबा किंवा मासळी आणि कपभर बोव्हरिल, म्हणजे मांसाच्या अर्काचे गरम पाणी. तेवढ्यावर ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय गाठायचे. उघडताना पहिले आत, बंद होताना शेवटचे बाहेर. दुपारच्या जेवणाचे नाव नाही. रात्री पोटात कावळे ओरडू लागले की, मुंबईहून ओळखीच्या माणसाने दिलेले पापड काढायचे, पत्र्यावर चार भाजायचे आणि खाऊन पुन्हा वाचायला बसायचे. इकडे परळला रमाई तेवढ्याच काटकसरीने संसार ओढत होती. तिच्या उपासाचा हिशेब कोणी लिहून ठेवला नाही. बाबासाहेबांच्या पदव्यांत अर्धा वाटा त्या माउलीचा आहे, असे आम्ही मानतो.

१९२१ मध्ये एम.एस्सी. झाले. जर्मनीत बॉन विद्यापीठातही नाव घातले, पण तिथला अभ्यास पुरा करता आला नाही. बॅरिस्टर झाले. डी.एस्सी.साठी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध दिला, तर परीक्षकांना तो ब्रिटिश राजवटीवर फार कडक वाटला आणि पुन्हा लिहायला सांगितला. खिशात पैसे उरले नव्हते. १९२३ मध्ये मुंबईला परत आले, इथे बसून मांडणी बदलली, पण काढलेले निष्कर्ष बदलले नाहीत. त्याच वर्षी तो प्रबंध मान्य झाला. कोठे वाकायचे आणि कोठे वाकायचे नाही, हे यातून शिकण्यासारखे आहे. पुढे ५ जून १९५२ रोजी त्याच कोलंबिया विद्यापीठाने त्यांना एलएल.डी. ही सन्मानाची पदवी दिली. लंडनला किंग हेन्रीज रोडवरच्या १० नंबरच्या ज्या घरात ते १९२१-२२ मध्ये राहिले, ते घर २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेऊन त्यांचे स्मारक केले.

आता आपल्या मुलांविषयी. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची परदेश शिष्यवृत्ती आहे. तिची माहिती प्रत्येक घरात गेली पाहिजे. पण मुलांना पाठवताना आपण नुसते हारतुरे घालतो, पेढे वाटतो आणि तिकडे सगळे सोन्याचे असेल अशी समजूत करून देतो. तसे करू नये. पहिले महिने जड जातील, जेवण जाणार नाही, घरची आठवण येईल, हे आधीच सांगावे. पोराला भात-आमटी तरी करता यावी. सोबत धरावी, हात राखून खर्च करावा आणि चूक झाली तर लपवू नये, सावरावे. बाबासाहेबही सावरले होते. आणि मुलीला पाठवताना तर दहादा विचार करणाऱ्यांनी न्यूयॉर्कहून आलेले ते पत्र आठवावे.

त्या मुलाच्या आईला आम्ही हार्टली हॉलचा आणि पापडांचा भाग वाचून दाखवला. तिने तो त्याच रात्री फोनवरून पोराला आमच्याकडूनच पुन्हा वाचवून घेतला. मध्ये मध्ये आमचा आवाज अडखळत होता. पलीकडून पोरगा काही बोलला नाही. नंतर आईने पापडांचे पार्सल पाठवले. पोरगा परत आला नाही. शिक्षण पुरे करूनच येतो, असे त्याने कळवले आहे. तो येईल तेव्हा विहारात सत्कार ठेवूच, पण हार घालण्याआधी त्याला लहान मुलांसमोर उभा करू आणि थंडीतले ते पहिले महिने कसे काढले, ते सांगायला लावू. पुढच्या मुलाला त्याचा उपयोग होईल.

नमो बुद्धाय. जयभीम.