भांडीं सांधणारा जॉन बनियन

परभणी जिल्ह्यांतील पोखर्णीच्या वाटेनें पायीं चाललेले यात्रेकरू आमच्या वाचकांनीं पुष्कळ वेळां पाहिले असतील. वाटेंत तहान कशी लागते व डोईवरचें ओझें कोसाकोसाला कसें जड होत जातें, हें त्यांस सांगावयास नको. अशाच एका यात्रेचा दृष्टांत करून विश्वास व पाप यांचें युद्ध ज्यानें जगापुढें मांडिलें, त्या जॉन बनियन याचें हें चरित्र आहे. त्याचा ग्रंथ हरि केशवजी यांनीं मराठींत आणून सन १८४१ मध्यें ‘यात्रिकक्रमण’ या नांवानें प्रसिद्ध केला.

बनियन सन १६२८ मध्यें इंग्लंडांत बेडफर्ड शहराजवळील एल्स्टो या खेड्यांत जन्मला. त्याचा बाप तुटकींफुटकीं भांडीं सांधून पोट भरी. मुलगाही तोच धंदा शिकला. सन १६४४ मध्यें त्याची आई वारली, व त्याच वर्षीं तो पार्लमेंटाच्या फौजेंत शिरला. शिव्या देण्यांत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पुढें त्यानें लग्न केलें, तेव्हां घरांत धड भांडेंकुंडें नव्हतें. बायकोनें माहेराहून दोन धार्मिक पुस्तकें मात्र आणिलीं होतीं. तीं वाचून त्यानें शिव्या सोडिल्या, नाचतमाशे सोडिले, व लोक त्यास भला माणूस म्हणूं लागले.

परंतु एके दिवशीं बेडफर्डांत कांहीं गरीब बाया दारांत उन्हास बसून नव्या जन्माविषयीं बोलत असलेल्या त्यानें ऐकिल्या. तेव्हां आपण बाहेरून धुतलेलें भांडें आहों, आंत मळ तसाच आहे, असें त्यास कळून आलें. त्यापुढें कित्येक वर्षें तो मोहांत तळमळत होता. ख्रिस्ताला विकून टाक, असा विचार त्याच्या मनांत रात्रंदिवस येई. आणि एकदां आपण त्यास रुकार दिला असें वाटून, एसावाप्रमाणें आपलाही वारसा गेला, अशी त्याची खात्री झाली. शेवटीं, आपलें नीतिमत्त्व आपल्या मनाच्या चढउतारांत नसून स्वर्गांत असलेल्या ख्रिस्तामध्यें आहे, हें त्यास उमगलें, व त्याच्या मनाच्या बेड्या गळून पडल्या.

मग तो उपदेश करूं लागला. राजमान्य मंडळीबाहेर सभा भरविल्याबद्दल सन १६६० मध्यें त्यास धरिलें. पुन्हां उपदेश करणार नाहीं एवढें कबूल केलें असतें तर तो सुटला असता. घरीं दुसरी बायको एलिझाबेथ व पहिल्या बायकोचीं चार मुलें होतीं. त्यांत थोरली मेरी आंधळी. तिची आठवण त्यास सर्वांत जड जाई. एलिझाबेथीनें न्यायाधीशांपुढें जाऊन रदबदली केली, ती व्यर्थ गेली. तरी त्यानें कबुली दिली नाहीं. बारा वर्षें तो तुरुंगांत राहिला, व तेथें नाड्या तयार करून कुटुंबास हातभार लावीत असे. सन १६७२ मध्यें तो सुटला. पुढें आणखी कांहीं महिने त्यास कैद भोगावी लागली. सन १६७८ मध्यें त्याचा ग्रंथ छापून निघाला.

त्यांतील यात्रिकाच्या पाठीवर ओझें आहे. तें पाप होय. वधस्तंभापाशीं पोंचतांच तें आपोआप सुटून पडतें. परंतु वाचकांनीं हें लक्षांत घ्यावें कीं, ओझें पडतें तें यात्रेच्या आरंभाकडे, आणि मोठ्या लढाया त्यानंतर येतात. अपल्लुओन वाट अडवितो, तो पुढें. व्यर्थतेच्या बाजारांत विश्वासू नांवाचा सोबती मारला जातो, तोही पुढें. संशयाच्या किल्ल्यांत निराशा नांवाचा राक्षस यात्रिकास कोंडितो. आणि देवाच्या वचनाची किल्ली आपल्या उराशींच आहे, हें त्यास कित्येक दिवस आठवत नाहीं.

आपल्या मंडळ्यांत बाप्तिस्म्यानंतर कोणास जुना राग पुन्हां येतो, कोणास दारूची ओढ लागते, कोणास भाऊबंदांची भीति वाटते. मग तो म्हणतो, माझा विश्वास खोटा, आतां मंडळींत कोणत्या तोंडानें जाऊं? उपदेशकांनीं अशा भावास बनियनाची गोष्ट सांगावी. लढाई चालू आहे म्हणून वाट चुकली असें नव्हे. जो मेलेला आहे तोच लढत नाहीं. मात्र पापाशीं तह करून स्वस्थ बसणें हें निराळें. त्या बाजारांत जो रमला, त्याची यात्रा तेथेंच खुंटली.

सन १६८८ मध्यें रुसलेल्या बापाचा व मुलाचा समेट करावयास बनियन घोड्यावरून रेडिंग शहरीं गेला. तेथून लंडनास जातांना पावसांत भिजला, त्यास ताप आला, व ३१ ऑगस्ट रोजीं त्यानें देह ठेविला. त्याच्या ग्रंथांत स्वर्गनगराच्या अलीकडे एक नदी आहे. तिला पूल नाहीं, आणि राजावर ज्याचा जसा भरंवसा, तसें तिचें पाणी त्यास उथळ किंवा खोल लागतें. प्रिय वाचकहो, तो भरंवसा आजच्या वाटचालींतच वाढवावयाचा आहे.