धुराला माप लावणारा माणूस : रॉबर्ट अँगस स्मिथ

शेतकरी बंधूंनो, शिवाराला लागून कारखाना असला की एक भांडण ठरलेलं असतं. वारा फिरतो, रात्रीत पिकाची पानं करपतात. शेतकरी म्हणतो, धुरानं गेलं. कारखानदार म्हणतो, धूर आमचा नव्हेच, तुमच्या पिकावर रोग पडलाय. तलाठी आणि ग्रामसेवक येऊन पंचनामा करतात. नुकसान किती झालं ते कागदावर येतं, पण कशानं झालं ते येत नाही. तिथंच प्रकरण अडतं.

हे भांडण आजचं नाही. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या लँकेशायर भागात ते असंच पेटलं होतं. त्यात एक रसायनशास्त्रज्ञ उतरला आणि त्यानं धुराला माप लावलं. त्याचं नाव डॉ. रॉबर्ट अँगस स्मिथ. 'आम्लपाऊस' हा शब्द आज शाळेच्या पुस्तकात असतो, तो जगाला देणारा माणूस हाच. त्यांची गोष्ट शेतकऱ्यांनी आणि गावकारभाऱ्यांनी माहीत करून घ्यावी अशी आहे.

धर्मोपदेशक व्हायचे होते, झाले रसायनशास्त्रज्ञ

स्मिथ यांचा जन्म १८१७ साली स्कॉटलंडमध्ये, ग्लासगोजवळच्या पोलोकशॉज या गावी झाला. शिक्षण ग्लासगोलाच. घरच्यांचा विचार मुलानं चर्चमध्ये धर्मोपदेशक व्हावं असा होता. पण पोरगं शिकवण्या करत करत जर्मनीला पोचलं आणि गीसेन येथे लीबिग यांच्या प्रयोगशाळेत दाखल झालं. पिकाला नत्र, पालाश, स्फुरद लागतं हे आज आपण सहज बोलतो. शेतीचं ते रसायनशास्त्र उभं करणाऱ्यांत लीबिग यांचं नाव फार वरचं. त्यांच्या हाताखाली स्मिथ यांनी १८४१ साली डॉक्टरेट मिळवली.

मायदेशी परतल्यावर ते मँचेस्टरला लायन प्लेफेअर या रसायनशास्त्रज्ञाचे मदतनीस झाले. त्या वेळी सरकारनं मोठ्या शहरांच्या आरोग्याची चौकशी सुरू केली होती आणि प्लेफेअर त्या कामात होते. मँचेस्टर म्हणजे कापडगिरण्यांचं शहर. घरोघरी कोळसा, गिरणीगिरणीत कोळसा. आकाश काळं, भिंती काळ्या. लोक म्हणायचे हवा वाईट आहे. स्मिथ यांनी साधा प्रश्न विचारला : वाईट म्हणजे किती, आणि तिच्यात आहे तरी काय?

पावसाच्या पाण्याचा जबाब

हवा मुठीत धरता येत नाही. मग तिची परीक्षा कशी करायची? स्मिथ यांनी ओळखलं की पाऊस हाच हवेचा झाडू आहे. हवेत जे काही तरंगतं ते धुऊन तो खाली आणतो. म्हणून त्यांनी स्वच्छ भांड्यांत पावसाचं पाणी धरलं आणि तपासलं. त्या पाण्यात बेरियमचा क्षार घातला की गंधकाचं आम्ल असल्यास पांढरा साका बसतो. चांदीचा क्षार घातला की मीठ किंवा मिठाचं आम्ल असल्यास दह्यासारखा साका दिसतो. साका वजन केला की आकडा हाती येतो.

१८५२ साली त्यांनी मँचेस्टरच्या हवेवर आणि पावसावर निबंध प्रसिद्ध केला. त्यातला निष्कर्ष शेतकऱ्याला चटकन कळेल असा आहे. शहरापासून लांब, मोकळ्या शेतांवर पडणाऱ्या पावसात अमोनिया होता, पण मोकळं आम्ल नव्हतं. गोठ्यात शिरताना नाकाला झोंबतो तोच हा अमोनिया. शहराच्या वेशीजवळ हा अमोनिया गंधकाच्या आम्लाशी जोडलेला सापडला, म्हणजे दोघांनी एकमेकांना मारलेलं. आणि भर शहरात अमोनिया पुरला नाही, तिथं पावसात आम्ल मोकळंच राहिलं. हे आम्ल कुठून आलं? कोळशात गंधक असतं, ते जळून. छापील कापडाचे रंग विटतात, लोखंड गंजतं, भिंतीचा चुना आणि दगड झिजतो, याचं कारण त्यांनी या आम्लात दाखवलं.

बघा, नुसतं 'हवा खराब' म्हणणं वेगळं आणि अमुक ठिकाणी अमुक इतकं आम्ल सापडलं म्हणणं वेगळं. पहिल्याला कुणीही उडवून लावतो. दुसऱ्याला उत्तर द्यावं लागतं.

सोड्याचे कारखाने आणि वाळलेली कुंपणं

त्याच सुमारास लँकेशायरमधल्या सेंट हेलेन्स आणि विडनेस या गावांत, तसंच न्यूकॅसलच्या बाजूला धुण्याच्या सोड्याचे कारखाने वाढले होते. साबण, काच, कापड या सगळ्यांना सोडा लागायचा. तो करायची रीत अशी की मिठावर गंधकाचं आम्ल ओतायचं. त्यातून मिठाच्या आम्लाचा, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिडचा वायू उठायचा. हा वायू सरळ धुराड्यातून सोडून दिला जाई. ओल्या हवेत तो जमिनीलगत उतरे. झाडं बोडकी होत, कुंपणं वाळत, उभं पीक करपे.

शेतकरी आणि जमीनदार कोर्टात गेले. पण तिथं पंचाईत अशी की आजूबाजूला अनेक कारखाने. नेमकं कुणाच्या धुराड्यानं माझं शेत जाळलं, हे सिद्ध कसं करायचं? काही कारखानदारांनी धुराडी उंच बांधली. त्यानं जवळचं शेत थोडं वाचलं, लांबचं जळू लागलं.

यावर उपाय नव्हता असं मात्र नाही. विल्यम गॉसेज नावाच्या कारखानदारानं १८३६ सालीच तो काढला होता. उंच मनोऱ्यात कोक भरायचा, वरून पाणी सोडायचं आणि खालून वायू चढवायचा. पाणी वायूला पिऊन टाकतं. पण जो खर्च करायची सक्ती नाही तो कोण करतो? शेवटी १८६२ साली लॉर्ड डर्बी यांच्या मागणीवरून संसदेची चौकशी समिती बसली. त्यांची स्वतःची इस्टेट सेंट हेलेन्सच्या जवळच होती. आणि १८६३ साली अल्कली कायदा झाला. कायद्याचं म्हणणं एका ओळीचं : तयार होणाऱ्या या आम्लवायूपैकी किमान ९५ टक्के अडवा, ५ टक्क्यांहून जास्त बाहेर सोडू नका.

इन्स्पेक्टर स्मिथ

१ जानेवारी १८६४ पासून कायदा लागू झाला. मुख्य तपासनीस म्हणून सरकारनं स्मिथ यांना नेमलं. हाताखाली चार मदतनीस आणि कारखाने देशभर पसरलेले. आता ५ टक्के मोजायचे कसे? मोजता आलं नाही तर कायदा कागदावरच राहणार.

त्यांनी बसवलेली रीत अशी. पाण्यानं भरलेल्या भांड्याची तोटी खाली सोडायची. पाणी जितकं उतरेल तितकी धुराड्यातली हवा नळीनं ओढली जाते. ती हवा द्रावणातून बुडबुडे करत जाते आणि आम्ल द्रावणात अडकतं. उतरलेलं पाणी मोजलं की हवा किती ते कळतं, द्रावण तपासलं की आम्ल किती ते कळतं. शिवाय धुराड्यातून हवा किती वेगानं वर जाते हेही पाहिजे. त्यासाठी त्यांचे मदतनीस आल्फ्रेड फ्लेचर यांनी वेगमापक तयार केलं. वेग आणि आम्ल, दोन्ही हातात आले की दिवसाला किती वायू बाहेर पडला याचा हिशोब लागतो.

निकाल लवकर दिसला. पहिल्याच वर्षाच्या तपासणीत बहुतेक कारखाने ५ टक्क्यांच्या आत आले. पुढं तर कारखानदारांना या अडवलेल्या आम्लातच पैसा दिसू लागला. त्यापासून क्लोरीन काढायचा आणि विझवलेल्या चुन्यावर सोडायचा, की ब्लीचिंग पावडर तयार. ग्रामपंचायतीचे कर्मचारी पाणी शुद्ध करायला जी टीसीएल पावडर टाकतात, तीच ही. जो वायू शेतं जाळत होता तो पोत्यात भरून विकला जाऊ लागला.

टीका झाली, कायदाही अपुरा पडला

पण सगळं गोड झालं असं समजू नका. स्मिथ कारखानदारांवर खटले फारच कमी भरत. समजावून, दाखवून, सल्ला देऊन काम करून घ्यावं असा त्यांचा स्वभाव. कारखाना बंद पडला तर मजुराची चूल बंद पडते, हेही त्यांच्या डोळ्यापुढं होतं. साहजिकच तपासनीस मालकधार्जिणे आहेत असा आरोप झाला. ज्याचं शेत गेलं त्याला टक्केवारीनं समाधान कसं व्हावं?

आणि टक्केवारीतच एक मेख होती. एका कारखान्याचे ५ टक्के थोडे असतील. पण कारखाने दुप्पट झाले तर तेच ५ टक्के दुप्पट होतात. प्रत्येक मालक कायद्यात बसतो आणि शेत तरी जळतंच. ही गोष्ट मापांतूनच पुढं आली. म्हणून १८७४ साली कायदा सुधारला. धुराड्यातून निघणाऱ्या दर घनफूट वायूत आम्ल ०.२ ग्रेनहून जास्त नसावं, अशी दुसरी मर्यादा आली. आजच्या हिशोबात ती दर घनमीटरला सुमारे ४६० मिलिग्रॅम होते. शिवाय बाकीच्या घातक वायूंसाठीही शक्य तितका चांगला उपाय मालकानं केलाच पाहिजे असं ठरलं. तरी तक्रारी थांबल्या नाहीत. १८७६ साली शाही आयोग नेमला गेला, १८७८ साली त्याचा अहवाल आला आणि १८८१ च्या कायद्यानं आणखी अनेक रासायनिक कारखाने तपासणीखाली आले.

मात्र एक मोठा वायू मोकळाच राहिला : साध्या कोळशाच्या धुरातलं गंधक. त्याचा पुरावा स्मिथ यांनीच १८५२ साली दिला होता. १८७२ साली त्यांनी हवा आणि पाऊस या विषयावर सुमारे सहाशे पानांचं पुस्तक लिहिलं. ठिकठिकाणच्या पावसाचे आकडे मांडले. समुद्राकाठच्या पावसात मीठ जास्त, कोळसा जाळणाऱ्या शहरांच्या पावसात गंधक जास्त, असा फरक दाखवला. वारा कुठला, पाऊस किती, समुद्र किती लांब, हे सगळं धरूनच आकडा वाचावा असं शिकवलं. पण त्या पुस्तकाकडं फार कुणी पाहिलं नाही.

स्मिथ यांनी लग्न केलं नाही. अखेरपर्यंत ते तपासनीसच्या कामावर होते. १८८४ च्या मे महिन्यात वेल्समधल्या कोल्विन बे येथे त्यांचं निधन झालं. त्यांच्या जागी फ्लेचर आले. आम्लपावसाचा विषय मात्र जवळजवळ शंभर वर्षं पडून राहिला. १९६७ साली स्वीडनच्या स्वांते ओडेन यांनी तो पुन्हा जगापुढं मांडला. तोवर तिकडच्या तळ्यांतले मासे कमी होऊ लागले होते.

आपण काय घ्यायचं?

आपल्याकडं हवेचा कायदा १९८१ साली आला. धुराड्यातून नमुना घेण्याचा अधिकार त्यानं प्रदूषण नियंत्रण मंडळाला दिला आहे. हाताने नमुने घेणाऱ्या केंद्रांवर गंधकाचा वायू मोजताना आजही हवा द्रावणातून बुडबुडे काढत नेतात. रसायनं बदलली, रीत स्मिथ यांच्या काळचीच. आणखी एक गोष्ट. आपल्या देशात बऱ्याच ठिकाणी पाऊस तितका आम्लधर्मी होत नाही, कारण मातीच्या धुळीतला चुना आम्ल मारतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी यावर काम केलं आहे. पण धूळ आम्ल मारते म्हणून धूर निर्दोष ठरत नाही. जवळच्या शेताला वायूचा चटका बसायचा तो बसतोच.

म्हणून बंधूंनो, पीक करपलं तर नुसती ओरड करू नका. तारीख लिहा, वेळ लिहा, वारा कुठून कुठं वाहत होता ते लिहा. करपलेल्या शेतांचा नकाशा काढा. लांब गेल्यावर नुकसान कमी होतं का, ते पाहा. कृषी सहायकाला बोलावून रोग आहे की नाही याचा अभिप्राय लेखी घ्या. ग्रामसेवक-तलाठी मंडळींनी या गोष्टी पंचनाम्यात उतरवाव्यात आणि मंडळाकडं तक्रार करताना धुराड्यातल्या नमुन्याचे आकडे मागावेत. कारखानदारानं 'आम्ही मर्यादेत आहोत' म्हटलं तर विचारा : धुराडी किती, आणि सगळ्यांची बेरीज किती?

हा शेवटचा प्रश्न लँकेशायरच्या शेतकऱ्यांना कळायला दहा वर्षं गेली. आपल्याला तो आजच विचारता येतो.